खोलीतला दुसरा माणूस

डार्मश्टाटच्या ब्युर्गरपार्कात उन्हाळ्यातल्या रविवारी आमच्या मुलांचं क्रिकेट चालतं. ‘आमच्या’ म्हणजे पुण्या-नाशकातून इथल्या तंत्र विद्यापीठात शिकायला आलेली, शिवाय काबूलची, लाहोरची, जाफन्याची. टेनिसच्या चेंडूवर इन्सुलेशनची पट्टी गुंडाळलेली, स्टंपच्या जागी बिअरच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट. कुत्रा फिरवायला आलेले जर्मन आजोबा क्षणभर थांबतात, कपाळाला आठ्या घालून बघतात आणि पुढे जातात. मला वयामुळे पंच करतात. म्हणजे बसायला घडीची खुर्ची मिळते आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या मिळतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एका पुणेकर पोरानं एक चेंडू असा टाकला की मी खुर्चीतून उठलो. हात लेग ब्रेकचा, चेंडूची हवेतली चालही लेग ब्रेकची. काबूलचा फलंदाज ऑफला बॅट घेऊन गेला आणि चेंडू आत वळून क्रेटवर वाजला. ‘वॉर्न! वॉर्न!’ असा गिल्ला झाला. मी म्हटलं, “अरे, वॉर्नचं नाव गुगलीसाठी कुठे घेता? हा तर सुभाष गुप्ते!” पोरगं घाम पुसत जवळ आलं. “कोण, काका?”

त्याचा राग आला नाही. त्याच्या आईबाबांनीही गुप्त्यांना टाकताना पाहिलेलं नसणार, मीही नाही. माझ्याकडे आहेत ती वडिलांनी सांगितलेली वर्णनं, आणि वडील सांगायचे ते चेंडूबद्दल कमी आणि झालेल्या अन्यायाबद्दल जास्त. क्रिकेटवाल्या मराठी घरांत गुप्त्यांची गोष्ट अशीच उलट्या टोकाकडून सांगितली जाते, आधी हॉटेल आणि मग गोलंदाजी. मी त्या पोराला सुरुवातीपासून सांगायचं ठरवलं. तो सामना तिथेच राहिला.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते, जन्म मुंबईत, ११ डिसेंबर १९२९. धाकटा भाऊ बाळू, म्हणजे बाळकृष्ण, हाही लेग स्पिनर आणि तोही भारताकडून तीन कसोट्या खेळला. एका घरातून दोन कसोटीपटू निघणं तेव्हाही फार नवलाचं नव्हतं, पण दोघंही मनगटानं चेंडू फिरवणारे निघावेत हे नवलच. कारण ही कला शिकवून येत नाही म्हणतात. ऑफ स्पिनर बोटांनी चेंडू वळवतो. लेग स्पिनरचं सगळं मनगटात. चेंडू सोडताना मनगट उलगडतं, तळवा फलंदाजाच्या बाजूला असतो आणि चेंडू लेगकडून ऑफकडे वळतो. गुगलीत मनगट आणखी मुरडायचं, इतकं की हाताची पाठ फलंदाजाकडे यावी. मग तोच चेंडू उलटा वळतो. हे करताना खांदा खाली जाता कामा नये, हाताची गती बदलता कामा नये. यातलं काहीही जरा चुकलं तर चेंडू एक तर अर्ध्या पिचवर आपटतो किंवा फुलटॉस होऊन सीमेपार जातो. म्हणून बहुतेक लेग स्पिनर षटकात एखादा तरी सैल चेंडू देतातच, आणि कर्णधार तो हिशेबात धरूनच त्यांना चेंडू देतो. गुप्ते हा अपवाद होता. टप्पा इतका नेमका की दिवसभर एका बाजूनं टाकत ठेवावं. शिवाय गुगली एक नाही, दोन. एक ओळखू येणारी, जी फलंदाजाला ‘समजलं मला’ असं वाटायला लावायची, आणि दुसरी समजल्याच्या आनंदात असताना येणारी. गारफिल्ड सोबर्स यांनी पुढे आयुष्यभर सांगितलं की आपण पाहिलेला सर्वांत मोठा लेग स्पिनर गुप्ते, वॉर्नपेक्षाही वरचा. सोबर्स हे त्यांना खेळलेले होते, नुसतं ऐकून बोलणारे नव्हते.

सुरुवात मात्र अगदी मिळमिळीत झाली. १९५१ च्या अखेरीस कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी आणि बळी एकही नाही. त्याच मालिकेत दिल्लीला आपल्याच सदू शिंद्यांनी ९१ धावांत ६ गडी बाद केले होते, तेही लेग ब्रेक-गुगलीवाले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर शिंदे गेले, गुप्ते घरी राहिले. शिंदे १९५५ साली टायफॉइडनं तरुणपणीच गेले. त्यांची मुलगी प्रतिभा ही पुढे शरद पवारांची पत्नी झाली, त्यामुळे राजकारणाच्या लेखांत शिंद्यांचं नाव अजून अधूनमधून येतं, क्रिकेटच्या लेखांत फारसं नाही.

गुप्ते घडले ते वेस्ट इंडिजमध्ये. १९५३ च्या सुरुवातीला विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ पहिल्यांदा तिकडे गेला. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, म्हणजे त्या काळात गोलंदाजाची झोप उडवणारे तीन ‘डब्ल्यू’. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्याच कसोटीत एव्हर्टन वीक्सनं २०७ काढले. संबंध मालिकेत त्यानं ७१६ काढल्या. पण त्या पहिल्या डावात ४३८ धावांपैकी १६२ मोजून गुप्त्यांनी ७ गडी घेतले. १६२ धावा म्हणजे मार खाल्ला, असं आजचा प्रेक्षक म्हणेल. मला तो आकडा वेगळा दिसतो. २३ वर्षांचा पोरगा, समोर वीक्स द्विशतक ठोकतोय, आणि कर्णधार त्याच्या हातातून चेंडू काढून घेत नाही. पोरगाही चेंडू हवेत उंच सोडायचं थांबवत नाही. मार बसला की चेंडू सपाट आणि जलद टाकणारे गोलंदाज पैशाला पासरी मिळतात.

त्या दौऱ्यात पाच कसोटींत २७ बळी आणि एकूण ५०. मालिका भारत ०-१ अशी हरला, पण क्षेत्ररक्षणाचं मात्र नाव झालं. गडकरी, उम्रीगर, रामचंद, दत्ताजीराव गायकवाड ही मंडळी झेल सोडत नव्हती. स्पिनरच्या आयुष्यात याला केवढी किंमत असते ते सहा वर्षांनी कळणार होतं.

त्रिनिदादच्या लोकांनी गुप्त्यांना ‘फर्गी’ म्हणायला सुरुवात केली. विल्फ्रेड फर्ग्युसन हा त्यांचा स्वतःचा लेग स्पिनर, १९४८-४९ मध्ये भारतातही येऊन गेलेला. आपल्या माणसाचं नाव पाहुण्याला देणं हा मोठा मान झाला, आणि तो भारतातही चिकटून राहिला. संघातले सोबतीही त्यांना फर्गीच म्हणत. त्याच दौऱ्यात त्रिनिदादच्या कॅरल यांची ओळख झाली. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. एका दौऱ्यात टोपणनावही मिळालं आणि सासुरवाडीही.

यानंतरची तीन-चार वर्षं त्यांची होती. १९५४ च्या डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्नवर पाकिस्तानच्या सेनादल-बहावलपूरच्या संयुक्त संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना एका डावातले दहाच्या दहा बळी त्यांनी घेतले, ७८ धावांत. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असं करणारा तो पहिला भारतीय. लगेच भारताचा संघ पहिल्यांदाच पाकिस्तानात गेला. पाचही कसोट्या अनिर्णित, दोन्ही बाजू हरायला इतक्या घाबरलेल्या की जिंकायचं कुणाला सुचलंच नाही. त्यातही गुप्त्यांना २१ बळी. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडचा संघ आला. पाच कसोटींत ३४ बळी, सरासरी विसाच्या आत. विनू मांकड यांनी इंग्लंडविरुद्ध एका मालिकेत ३४ घेतले होते, त्याची बरोबरी झाली. तो आकडा १९७२-७३ मध्ये चंद्रशेखरनं एकानं ओलांडला. मधल्या काळात ते इंग्लंडच्या लँकेशर लीगमध्ये रिश्टनकडून व्यावसायिक म्हणूनही खेळले. शनिवारी गिरणीवाल्या गावांतल्या ओल्या खेळपट्टीवर गोलंदाजी करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. भारतात कसोटी खेळून घर चालत नव्हतं, त्यामुळे हा मार्ग अनेकांनी धरला.

आता कानपूर. १९५८ चा डिसेंबर, वेस्ट इंडिजविरुद्ध दुसरी कसोटी. त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. पहिल्या सामन्यात उम्रीगर, मग दोन सामने गुलाम अहमद, मग मांकड, मग हेमू अधिकारी. निवड समितीच्या कारभाराबद्दल यापेक्षा जास्त काही लिहायची गरज नाही. कानपुरात वेस्ट इंडिजचा पहिला डाव २२२ धावांत संपला आणि त्यात गुप्त्यांचे ९ बळी होते, १०२ धावांत. एका कसोटी डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. सोबर्स त्यात आले, कन्हाय आले, बुचर आले. राहिला तो एकटा लान्स गिब्ज, स्वतः स्पिनर आणि फलंदाजीत शेपटाचा. त्याचाही झेल गुप्त्यांच्या चेंडूवर उडाला होता आणि यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला. शेवटी गिब्जचा त्रिफळा पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वसंत रांजणे यांनी उडवला. ताम्हाणे म्हणजे मऊ हातांचा, शांत यष्टिरक्षक, गुप्त्यांच्या गुगल्या डोळे मिटून वाचणारा. त्यांच्याच हातून तो एक सुटावा! वडील हा प्रसंग सांगताना ताम्हाण्यांना कधी बोल लावत नसत. “त्यालाच सगळ्यात जास्त लागलं असेल,” एवढंच म्हणत.

भारतानंही २२२ च केल्या, धावेला धाव. मग दुसऱ्या डावात सोबर्सनं १९८ ठोकले, वेस हॉलनं सामन्यात अकरा बळी घेतले आणि भारत २०३ धावांनी हरला. नऊ बळी घेऊन सामना दोनशेनं हरायचा, ही त्या काळची भारतीय स्पिनरची कहाणी. पुढच्याच वर्षी त्याच ग्रीन पार्कवर जसू पटेल यांनी ऑस्ट्रेलियाचे ६९ धावांत ९ घेतले, भारत जिंकला आणि गुप्त्यांचा विक्रम वर्षभरात मागे पडला.

त्याआधी १९५९ चा इंग्लंड दौरा झाला. कर्णधार दत्ताजीराव गायकवाड, निकाल ०-५. गुप्त्यांना १७ बळी मिळाले, दौऱ्यात एकूण ९५. स्लिपमधून आणि शॉर्ट लेगवरून झेल किती सुटले त्याचा हिशेब धावफलकात नसतो. लेग स्पिनरची गोलंदाजी म्हणजे सावकारी आहे. तो आधी धावा उसन्या देतो आणि झेलाच्या रूपानं वसूल करतो. वसुली करणारे हात लोण्याचे असले की दिवाळं निघतं. १९५३ च्या त्या संघाची आठवण त्यांना तिथे कितीदा आली असेल!

तिशी ओलांडल्यावर लोक म्हणू लागले, फर्गी संपला. १९६१ च्या डिसेंबरात टेड डेक्स्टरचा इंग्लंड संघ कानपूरला आला. उम्रीगरांनी नाबाद १४७ काढले, भारतानं ८ बाद ४६७ वर डाव सोडला आणि गुप्त्यांनी ९० धावांत ५ गडी घेऊन इंग्लंडला २४४ मध्ये गुंडाळलं. भारतानं इंग्लंडवर फॉलोऑन लादला. तोवर असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या डावात इंग्रजांनी तीन शतकं काढून सामना वाचवला, पण संपलेला माणूस संपलेला नव्हता हे सगळ्यांनी पाहिलं. अकरा डिसेंबरला त्याला बत्तीस वर्षं पूर्ण झाली. तेराला दिल्लीची कसोटी सुरू झाली.

माझ्या टेबलावर एक करडा, डायल फिरवायचा जर्मन फोन आहे. इथल्याच जुन्या बाजारात मिळाला. डार्मश्टाटमध्ये पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याचं टेलिफोनविषयक केंद्रीय तांत्रिक कार्यालय होतं. देशातल्या फोनच्या यंत्रांना मान्यता इथून मिळायची, त्यामुळे जुन्या बाजारात असल्या वस्तूंना तोटा नाही. फोन आता कशालाच जोडलेला नाही. पण रिसीव्हर उचलला की हाताला चांगलं वजन लागतं, आणि मला दरवेळी दिल्लीच्या त्या खोलीची आठवण होते. हॉटेलच्या खोलीत माणसं दोन असतात, फोन एक असतो. स्विचबोर्डवर दिवा लागतो तो खोलीच्या नावानं. उचललं कुणी, बोललं कोण, हे तो दिवा सांगत नाही.

संघ इम्पीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते आणि मद्रासचे अष्टपैलू ए. जी. कृपाल सिंग एका खोलीत. कृपाल सिंग यांनी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या तरुणीला फोन केला आणि काम संपल्यावर आपल्याबरोबर पेय घ्यायला येण्याविषयी विचारलं. तिनं वरिष्ठांकडे तक्रार केली, ती संघाच्या व्यवस्थापकाकडे आली, तिथून क्रिकेट बोर्डाकडे. बोर्डानं खोलीतल्या दोघांनाही बाजूला केलं.

ही गोष्ट सांगताना जुनी माणसं त्या तरुणीची तक्रार हसण्यावारी नेतात. ते मला पटत नाही. कामावर असलेल्या बाईला पाहुण्यानं असा फोन करावा आणि तिनं तो मुकाट सहन करावा, असं १९६१ सालीही काही लिहिलेलं नव्हतं. तिनं तक्रार केली ती योग्यच केली. आणि तिचं म्हणणं खरं मानलं, तर मग ते पूर्ण खरं मानायला हवं. फोन एका माणसानं केला होता.

बोर्डाचे अध्यक्ष तेव्हा मद्रासचे उद्योगपती एम. ए. चिदंबरम होते. चौकशीत गुप्त्यांनी सांगितलं की आपण फोन केला नाही. हे कुणी खोटं ठरवलं नाही. त्यांना विचारलं गेलं ते वेगळंच. तुम्ही त्याला अडवलं का नाही? धिप्पाड सोबत्याच्या हातातून रिसीव्हर कसा हिसकावून घ्यायचा, असा गुप्त्यांचा उलट सवाल होता. पण तिथे गुन्हा शाबीत करायचा नव्हता, प्रकरण मिटवायचं होतं, आणि खोलीला कुलूप लावलं की प्रकरण मिटतं. वेस्ट इंडिज दौऱ्यासाठीही त्यांचा विचार करायचा नाही, असं निवड समितीला बजावलं गेलं.

हे कसं पचलं? ओरड कशी झाली नाही? मला वाटतं त्याचं उत्तर पुढच्या चार आठवड्यांत आहे. गुप्त्यांशिवाय भारत कोलकात्याची कसोटी १८७ धावांनी जिंकला. मद्रासची १२८ धावांनी. मद्रासला सलीम दुराणी यांनी दहा बळी घेतले. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ. देश फटाके वाजवत असताना संघाबाहेरच्या लेग स्पिनरची विचारपूस कोण करणार? त्याच मद्रास कसोटीत इरापल्ली प्रसन्ना हा पोरगेला ऑफ स्पिनर पहिल्यांदा भारताकडून खेळला. पुढच्या पंधरा वर्षांची फिरकी ज्याच्यापासून मोजतात तो दारातून आत येत होता आणि आधीच्या पिढीचा सर्वांत मोठा फिरकीपटू मागच्या दारानं बाहेर काढला गेला होता. दोघं एका संघात असते तर काय झालं असतं, या कल्पनेवर मी कित्येक संध्याकाळी फुकट घालवल्या आहेत.

संघ वेस्ट इंडिजला गेला. जिथे २७ बळी घेतले, जिथली मुलगी बायको म्हणून घरी आणली, तिथे गुप्ते गेले नाहीत. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली, जीव कसाबसा वाचला. २१ वर्षांच्या पतौडींना कर्णधार करावं लागलं. पाचही कसोट्या हरलो. त्यावर बोर्डानं उपाय शोधला तो असा, की गिलख्रिस्ट, वॉटसन, किंग आणि स्टेअर्स हे चार वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाज रणजी सामन्यांत खेळायला आणवले, म्हणजे आपल्या फलंदाजांना सवय होईल. युक्ती वाईट नव्हती. पण तिकडून चार गोलंदाज बोलावणाऱ्यांना आपल्याकडून एक तिकडे निघाला आहे याची फिकीर नव्हती.

गुप्ते त्रिनिदादला गेले ते तिथेच राहिले. १९६३-६४ च्या मोसमात ते त्रिनिदादकडून प्रथम दर्जाचा सामना खेळले. मुंबई, बंगाल, राजस्थान आणि त्रिनिदाद अशी त्यांच्या संघांची यादी आहे. एकूण ११५ सामन्यांत ५३० बळी. कसोट्या ३६, बळी १४९. मांकड निवृत्त झाले तेव्हा १६२ वर होते, म्हणजे फरक तेराचा. गुप्ते कसोटीमागे सरासरी चारहून जास्त बळी घेत होते. तेरा म्हणजे तीन-चार सामन्यांचं काम, आणि वेस्ट इंडिजमध्ये तर पाच होते.

कृपाल सिंग यांचं काय झालं? इंग्लंडचा संघ १९६४ च्या जानेवारीत परत आला तेव्हा ते भारताकडून खेळले, ऑस्ट्रेलियाविरुद्धही खेळले. पुढे राष्ट्रीय निवड समितीतही बसले. त्यांच्या शिक्षेला मुदत होती. गुप्त्यांच्या शिक्षेला नव्हती. या दोन वाक्यांत मद्रास आणि मुंबई घालून आपले लोक प्रांतवादाचं रसायन तयार करतात. मला त्याची गरज वाटत नाही. कृपाल सिंग भारतात राहिले, सामने खेळले, धावा काढल्या, नजरेसमोर राहिले. नजरेआड झालेल्या माणसाची शिक्षा रद्द करायला कुणाला तरी मुद्दाम पत्र लिहावं लागतं. ते कुणी लिहिलं नाही.

“पण ते स्वतःच गेले ना, काका?” पोरानं विचारलं. तोवर बाकीचे सामना सोडून क्रेटवर, गवतावर बसले होते. हा प्रश्न इथे, डार्मश्टाटच्या गवतावर बसून विचारला जावा यात मौज आहे, कारण आम्ही सगळेच स्वतःच आलेले. इथून तासाभराच्या अंतरावर बाड नाउहाइममध्ये अनुराधा दोड्डबळ्ळापूर काम करत होत्या, मूळ बंगळूरूच्या, माक्स प्लांक संस्थेत हृदयावर संशोधन करणाऱ्या. त्या जर्मनीच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांनी चार चेंडूंत चार बळी घेतले. परदेशी गेलं की क्रिकेट सुटतंच असं नाही, कधी कधी तिथेच सापडतं. गुप्त्यांच्या बाबतीत देश आधी सुटला नाही, संघ आधी सुटला. हा क्रम उलटा करून सांगितला की बोर्डाची सुटका होते.

त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक मोप. उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या भोजपुरी मजुरांची ती नातवंडं-पणतवंडं. त्यांच्या दिवाळीत, रामलीलेत एक मुंबईकर मराठी माणूस कितपत मिसळला असेल? मला इथे निदान गणपतीच्या दिवशी पाच-पन्नास मराठी तोंडं दिसतात आणि कुणाच्या तरी घरचे मोदक मिळतात. पण ‘फर्गी’ तिथे परका नव्हता. बाकी कुठेही नव्हता इतका तो तिथे घरचा होता.

१९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. सुनील गावसकरची ती पहिली कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. हरणाऱ्या संघाचे कर्णधार सोबर्स. मैदान तेच, जिथे २३ वर्षांच्या गुप्त्यांनी ७ बळी घेतले होते. १९७६ मध्ये तिथेच भारतानं चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून सामना जिंकला. भारतीय क्रिकेटचे मोठे दिवस असे त्यांच्या नव्या गावात येऊन साजरे होत राहिले. आणि १९९९ च्या फेब्रुवारीत अनिल कुंबळेनं पाकिस्तानचे दहाही बळी घेतले, ७४ धावांत, तेही दिल्लीत. चेंडू मात्र मुंबईकर पद्धतीचा नव्हे. कुंबळेचा लेग ब्रेक जलद आणि सरळ, गुप्त्यांच्या हवेत तरंगणाऱ्या चेंडूशी त्याचं नातं चुलत घराण्याइतकंच.

अखेरच्या वर्षांत बोर्डानं त्यांना सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या संस्थेनं चाळीस वर्षांपूर्वी खोलीला कुलूप घातलं तिनंच शाल घातली. गुप्त्यांनी ती घेतली. मी घेतली असती का, असं पोरांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी खवट माणूस आहे, माझं सोडा.

२००२ च्या उन्हाळ्यात सौरव गांगुलीचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. कुंबळे अँटिग्वात जबडा मोडून, पट्टी बांधून गोलंदाजी करून बंगळूरूला परतला होता. कसोट्या संपल्या होत्या, एकदिवसीय सामने उरले होते. ३१ मे रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सुभाष गुप्ते गेले, वयाच्या ७२ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, त्याच गावात क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताचा सामना होता. भारत हरला.